कोनमापक

पारदर्शक प्लास्टिकचा माझा कोनमापक,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी इचलकरंजीत घेतलेला.
शून्याचा आकडा बोटांनी पुसून गेलाय.
आता तो सोहारला असतो, टायरच्या दुकानाशेजारी,
जिथं सकाळी आठला शमसा शटर उचलते
आणि पहिला पेशंट आधीच उन्हात असतो.

मुबीन सोलकर. बाणकोटचा. वय एकेचाळीस.
परांचीवरून पडला. डाव्या टाचेचा चुरा,
उजवा गुडघा लाकडासारखा.
तो सांगतो तिसरा मजला,
कंपनीचा कागद सांगतो अडीच मीटर.
मी गुडघ्याला विचारते. गुडघा खोटं बोलत नाही,
पण त्याला अरबी येत नाही.

पहिल्या आठवड्यात चाळीस अंश. आज सत्तर.
मी लिहिते, तो माझ्या पेनाकडे बघत राहतो.

फॉर्मवर चौकोन दोनच.
कामास लायक.
दुसऱ्याचं मराठी मनातल्या मनात केलं
तर एकच शब्द येतो, आणि तो शिवीसारखा लागतो.
पहिल्यावर खूण केली तर रविवारी पुन्हा परांची,
दुसऱ्यावर केली तर रविवारीच विमान.
स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून
नटबोल्टांचा हिशेब ठेवणारा मुबीन
कुठल्याच चौकोनात मावत नाही.
(हिशेब त्याचा पक्का आहे. व्यायामाची आवर्तनं
मी चुकते, तो चुकत नाही.)

नवा कायदा आला तेव्हा ट्रेनिंग झालं होतं. बिर्याणी होती.
पौलोस सरांनी स्लाइड वाचून दाखवली:
वाजवी सोय हा हक्क आहे, उपकार नव्हे.
मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं.
आम्हाला शिकवलं होतं शरीर दुरुस्त करायचं.
इमारत दुरुस्त करायची
असं कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

काल आमच्याच दारातल्या उतारावरून
त्याची खुर्ची मागं घसरली.
टायरवाल्याच्या दोन पोरांनी धरली म्हणून.
मुबीन हसला. "बाई, माझंच वजन वाढलंय."

दुपारी शमसा नमाजला गेली
तेव्हा मी उन्हात उकिडवी बसले
आणि कोनमापक उताराला लावला.
एक भुजा फरशीवर, एक सिमेंटवर,
गुडघ्याला लावते तशीच, हलक्या हातानं.
चौदा.
घाम पुसून पुन्हा मोजलं. चौदा.
पाचाच्या आत हवा होता.

मग नवा केसपेपर काढला.
पेशंटचं नाव: उतार. वय: चार वर्षं.
तक्रार: माणसं मागं ढकलतो.
उपचार: तोडून लांब करणे.
पौलोस सरांनी चष्मा वर केला. "ही चेष्टा आहे?"
म्हटलं, "नाही सर. असेसमेंट."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
एसी बोलत राहिला.

मुबीनच्या फॉर्मवर मात्र हात थरथरला.
पट्टी घेऊन तिसरा चौकोन मीच आखला, समासात.
बसून काम करू शकतो. टेबलाची उंची अमुक,
संडासात धरायला दांडा,
दार ढकलायला हलकं.
शेवटच्या ओळीला शाई संपली, पेन्सिलीनं पुरं केलं.
शमसानं शिक्का मारताना बघितलं,
शिक्का थोडा डावीकडं सरकवला,
पेन्सिल झाकली जाऊ नये म्हणून.

"लंगडी खेळायचात ना तुम्ही?" मुबीननं आज विचारलं,
गुडघा माझ्या तळहातावर रेलून.
"आमच्यात एका पायावर असेल
त्याच्यावर राज्य."
मी म्हटलं, "आमच्यातही."
"मग इथं कोणावर हो?"
मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, वाकवा अजून थोडा.

फॉर्म अजून परत आलेला नाही.
सिमेंटवाला म्हणतो बुकरा, इन्शाअल्ला.
म्हणजे उद्या, किंवा उद्याच्या नंतरचं काहीही.
शून्य पुसलेलं असल्यामुळं
मी दहापासून मागं मोजत येते.
आज अठ्ठ्याहत्तर.