अर्धं शटर

बातमी आमच्याकडं आधी अंगठ्याला लागते.
अंगठा वर सरकत असतो –
कुणाचा बैल, कुणाची हळद,
विट्याच्या स्टँडवर नाचणारी दोन पोरं,
आणि मधेच धूर.
आठ सेकंदांचा.
वर लाल अक्षरं : सेलम, सराफ गल्ली, आज.

लेंगऱ्यातल्या निम्म्या घरांचं एकेक माणूस
असं कुठल्या तरी गल्लीत बसलेलं असतं,
मुशीत दुसऱ्याचं सोनं गाळत.
त्यामुळं देशाचा नकाशा आम्हाला शाळेआधीच पाठ.
गुवाहाटी म्हणजे मेघनाचे पप्पा,
चिराला म्हणजे शिंद्यांचे दोघं जावई,
सेलम म्हणजे आमचा सुशांतदादा.

बापूमामा टीव्हीवर विश्वास ठेवतात.
टीव्हीवर काही नव्हतं.
म्हणजे झालंच नाही, ते म्हणाले,
आणि चहात बिस्कीट बुडवलं.
बिस्कीट मोडून तळाशी जाईपर्यंत
एका ग्रुपवर अकरा मेले होते,
दुसऱ्यावर चाळीस,
तिसऱ्यावर धूर तोच, पण गाव सुरत.

तस्लीम मुलाणी कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही.
तिचं लग्न ठरल्याची बातमी
गावात तीनदा फिरली, त्यामुळं असेल.
तिनं व्हिडिओ थांबवला,
दोन बोटांनी धूर फाकवला,
सावल्या बघितल्या, पाट्या बघितल्या,
कुणाच्या अंगात स्वेटर आहे का तेसुद्धा.
'जुना वाटतोय,' म्हणाली.
मला तेच ऐकायचं होतं.
ऐकायचंच असतं त्याची पावती कोण मागतं?

तरी दादाला फोन लावला.
'अगं कसलं काय. चहा पितोय.
आईला म्हणावं, कुरडया पाठव.'
आवाज नेहमीचा. मागचे हॉर्न नेहमीचे.
आईनं कुकर लावला.
त्या दिवशी आमच्याकडं जेवणं वेळेवर झाली.

रात्री सगळे झोपल्यावर
मी तो पुन्हा लावला. का, ते नाही सांगता येत.
सहाव्या सेकंदाला, डाव्या कडेला,
एक शटर अर्धं खाली.
त्याच्या तळाच्या पट्टीला निळा रंग,
दिवाळीत व्हिडिओ कॉलवर मीच निवडलेला –
पिवळा नको रे, निळा दे –
आणि स्कूटर आदळली होती तिथं
पत्र्याला आलेला पोचा.

ज्यानं हे शूट केलं
तो मला ओळखत नाही.
त्याच्या नावात सहा आकडे आहेत
आणि फोटोच्या जागी कोल्हा.
तो खरं बोलला.

आणि ज्यानं मला सायकल शिकवली,
कॅनॉलच्या रस्त्यावर, मागून सीट धरून,
आणि कधीच सोडून दिल्यावरही
लांबून ओरडत राहिला, 'धरलंय! धरलंय!'
तो.

सकाळी मी एवढंच लिहिलं :
शटरचा पोचा काढून घेतलास का?

दोन निळ्या खुणा.
लिहितोय… थांबला… लिहितोय…
मी दात घासून आले, तरी लिहितोय.
मग एक फोटो.
उजवा हात, मनगटापर्यंत पांढरी पट्टी,
नखांत काजळी.
खाली तीन शब्द : आईला दाखवू नको.

दुपारी तस्लीमनं विचारलं,
'काय गं, खरा निघाला की खोटा?'
मामांनीही टीव्हीचा आवाज कमी केला,
आई परातीतून मान वर करून बघत राहिली.

'जुना होता,' मी म्हणाले.

आणि माझा आवाजही
अगदी नेहमीचा आला.

मग कुरडयांचा डबा बांधायला घेतला.
सुतळीची गाठ मारली, कागद चिकटवला,
पत्ता लिहिला सुवाच्य अक्षरात –
दुकानाच्या नंबरासकट.