व्हई ऱ्हायनं

सावद्यात, केळी पिकवायच्या खोल्यांवर आमचं ऑफिस.
फरशीतून गारवा चढतो, एप्रिलातसुद्धा.
चपला काढून बसलं की तळवे सांगतात
खाली कुठली खोली चालू आहे.

पारोळ्याच्या पतसंस्थेसाठी मी एक यंत्र लिहिलं:
चारशे बारा तक्ते वाचायचे
आणि एकेकाचा कोड त्यानंच लिहून काढायचा.
चाळीस मिनिटं लागत. चाळीस मिनिटं पडदा काळा.
अकराव्या मिनिटाला भटूआप्पांचा फोन,
‘ताई, हाई अटकी गयं का वं?’
आणि मी उत्तर देईपर्यंत खिडकी बंद केलेली.
कर्जखात्याचा कोड अर्धा. कंस उघडाच.

म्हणून पट्टी आणली. हिरवी.
पहिली खोटारडी निघाली, मीच तसं शिकवलं होतं तिला:
नव्वदपर्यंत धावायचं,
मग नव्याण्णववर पाय रोवून उभं राहायचं,
रिकामी बादली हलवत ‘आलंच, आलंच’ म्हणणाऱ्या वाढप्यासारखं.
आप्पा दोनदा फसले.
तिसऱ्यांदा म्हणाले, लाइट गेली.
गेली नव्हती.

जिन्याखाली जब्बार तडवी खोलीचं दार बोटभर उघडतात,
नाक आत घालतात, दार लावतात.
मी विचारलं, चाचा, व्यापाऱ्याला किती टक्के सांगता?
‘टक्के कशाचे?
परवा दांडा हिरवा होता. काल फणीच्या पाठीवर उजेड आला.
एवढं सांगतो.
तो चहा पिऊन येतो.’

त्या रात्री टक्के खोडले, पट्टी ठेवली.
तिच्याखाली एक ओळ उमटते आता,
हातात जे काम आहे त्याचंच नाव:
ठेवी, तक्ता एकशे सदतीस.
वारसदार, एकशे अडतीस.
सोनेतारणापाशी बराच वेळ थांबते.
तो तक्ता खरंच अवघड आहे,
आणि थांबल्याचं ती लपवत नाही.
अगदी वर, आप्पांच्या बोलीतलं क्रियापद,
जे झालं म्हणत नाही, अडलं म्हणत नाही:
व्हई ऱ्हायनं.

सोमवारी फोन नाही.
मंगळवारी, मी डबा उघडला तेवढ्यात वाजला.
‘ताई, सोनेतारणवर वीस मिनिटं व्हई ग्यात.’
मी पाणी प्याले. खिडकी बंद केली का, विचारायचं धाडस होईना.
पलीकडे कपात चमचा फिरत होता, सावकाश.
‘मी आठेच बठेल शे,’ आप्पा म्हणाले,
‘तू जेवी ले.’