ओळ क्रमांक त्रेचाळीस

हरभऱ्याच्या झाडावर चढवतात माणसाला.
आम्ही त्या झाडाची उंची मोजतो:
एकेचाळीस सेंटिमीटर.
इथून पडलं तर फारसं लागत नाही.

इंदूर. जानेवारी. सकाळचे आठ.
कुंपणापलीकडे नव्या इमारतींचे खांब,
अलीकडे एकशे वीस ओळी
आणि गेंदाबाई, जिला
उद्या उमलणारी कळी आज कळते.
चिमट्यानं पाकळी सारून
ती पुंकेसर काढते, दहाच्या दहा,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसे.
मग दुसऱ्या फुलाचे पराग, देठाला दोरा,
लेबलावर मी लिहिते: आई कोण, बाप कोण, तारीख.
शंभरातली ऐंशी लग्नं मोडतात.
कळी गळते, लेबल तेवढं लोंबत राहतं.

दवात भिजलेली सलवार पोटरीला चिकटते,
आंब चुरचुरते दुपारपर्यंत.

मार्चमध्ये मोजणी. फांद्या, घाटे,
शंभर दाण्यांचं वजन, पंखा बंद करून.
दाणा टपोरा, तर घाटे मोजके;
घाटे लगडले, तर दाणा मिऱ्याएवढा.
दोन्ही हातांनी देणारं झाड
अजून आमच्या वहीत आलेलं नाही.
सरासरी मात्र दर वर्षी येते:
झाडामागे बत्तीस पूर्णांक चार घाटे.
मी एकदा शोधलं ते झाड, खरंच, उन्हातान्हात.
कुठेच उभं नव्हतं.

ओळ त्रेचाळीस.
उशिरा फुलणारी, जमिनीला टेकलेली,
दाणा काळपट, सुरकुतलेला,
झाडाला अकरा घाटे, त्यातले तीन अळीचे.
पिसोळकर सरांनी फुली मारली.
बरोबरच होतं. मीही मारली असती.

पण तफावतीचा आकडा फुगला होता तो तिच्यामुळे.
ती वगळून पुन्हा गणित केलं
तर उरलेल्या ओळी
शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारख्या,
सगळ्यांचे भांग एकाच बाजूला.

‘इके मत फेंको, बई,’ गेंदाबाई म्हणाली.
का, विचारलं.
तिनं खांदे उडवले आणि
चव्वेचाळीस उपटायला वाकली.

खाकी पाकीट. नऊ ग्रॅम.
फ्रीजच्या खालच्या कप्प्यात,
कुणाच्या तरी विसरलेल्या डब्यामागे.
नोंदवहीत ‘जतन करण्याचं कारण’ असा रकाना असतो.
खाली पोहे आले होते, हाका चालल्या होत्या,
पेनची शाई दोनदा अडली.
लिहिलं: अजून माहीत नाही.