नामराशी

धक्क्याला नाव द्यायचं ठरलं: सुभानजी येसाजी विचारे.
ग्रामसेवक माझ्याकडे आला, कारण दप्तरखान्यात
तेहेतीस वर्षं मी वाळवीशी भांडलो.
म्हणाला, आण्णा, जन्मसाल काय घालू?
मी म्हटलं, कोणाचं?

आमच्या आगरवेळला आजाचं नाव नातवाला जातं.
सुभानजीचा येसाजी, येसाजीचा सुभानजी,
एकच पातेलं पुन्हा पुन्हा कल्हई करून वापरावं तसं.

पहिला बोटखतात आहे. मोडी सही,
शेवटची रेघ खाडीकडे वाकलेल्या माडासारखी.
भाताचा अर्धा वाटा घ्यायचा, वर वेठ,
वर फणस, वर कोंबडा,
शिमग्याच्या होमात पहिला नारळ त्याचाच.

दुसरा लोकल बोर्डावर गेला. पांढरी टोपी, वहाणा करकरत्या.
शाळेला कौलं दिली, पाणंदीला दगड.
खोती बुडाली तेव्हा भरपाईच्या पावतीवर
त्यानं आजाची सही जशीच्या तशी केली,
त्याच माडासकट.

तिसऱ्याकडे जीप होती आणि भोंगा.

शाळेच्या स्मरणिकेत या तिघांचा मिळून एकच माणूस झाला,
एकशे सदतीस वर्षं जगलेला,
वेठ घेणारा आणि वेठबंदीचा ठराव मांडणारा.
कोणाला काही खटकलं नाही.
मी चुकीची दुरुस्ती पाठवली, तीही
पुढच्या अंकात त्याच्याच कार्यात जमा झाली.

पण बोटखतात, त्याच पानावर, कुळाच्या रकान्यात
आणखी एक आहे.
सुभान बिन येसू, कुणबी, वरकस साडेचार गुंठे.
नावावर आडवी रेघ. वर बारीक अक्षरात: धाकल्या.
खोताचं नाव कुळानं तोंडानं घ्यायचं नाही,
मग अंगावर वागवायचं कसं?
म्हणे आई त्याला खऱ्या नावानं हाक मारायची
ती फक्त घरात, चूल फुंकताना,
धुरात.

त्याच्या नातवालाही आजाचंच नाव ठेवलं.
खोडणारा हात तेव्हा उरला नव्हता.
मास्तरांनी विचारेवाडीचा म्हणून आडनावात विचारे लिहिलं,
येसूला येसाजी केलं, खडूच्या एका ओढीत.
हा सुभान घळ घेऊन कलमांवर चढायचा,
आंबा देठासकट उतरवायचा, एकाला डाग नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विरोधकांनी त्याला झाडावरून खाली बोलावलं.
अर्ज त्यांनी लिहिला, अनामत त्यांनी भरली,
सभा एकही नाही. चिन्ह मिळालं शिडी.
जीपवाल्याला भोंग्यावरून सांगत फिरावं लागलं,
सुभानजी म्हणजे मीच, खरा मीच,
आणि वाड्यावाड्यांतून लोक अंगणात येऊन
शांतपणे ऐकत होते.

शिडीला पडली अकराशे त्रेचाळीस.
तिसरा पडला आठशे सहांनी.
पेपरात आलं: नामसाधर्म्यामुळे अडाणी मतदारांचा गोंधळ.
मी होतो मोजणीच्या टेबलावर.
शिक्के चौकटीच्या अगदी मधोमध होते,
एकही थरथरलेला नाही.

सुभान दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावर.
खालून कोणी म्हटलं, काय आमदार?
वरून फक्त एक हिरवी कैरी आली, नेमकी टोपीवर.

ग्रामसेवकाला मी म्हटलं, साल घालूच नकोस.
त्याला वाटलं, म्हातारा विसरला.

फलक लागला. पत्र्याचा, निळ्यावर पांढरं.
दोन पावसाळ्यांत खारा वारा अक्षरांना लागला.
पेंटरनं त्या टोकाला रंग पातळ मारला होता
की आणखी काही, मला ठाऊक नाही,
पण पहिल्या शब्दातला 'जी' आधी गेला.

आता फेरीबोट टेकते तेव्हा
दोर फेकणारा पोरगा ओरडतो,
सुभान, सुभान, कोण उतरतंय सुभानला?
भर उन्हात,
मोठ्यानं.