सपाट रस्त्याने

डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा,
सपाट रस्त्याने. गुडघ्याला चढ नको.

म्हणून सकाळी हरभट रोडने निघते.
दुकानं बंद,
भडंगवाल्याच्या दारात लसणाचा वास कालचाच.
शहापुऱ्यांच्या कापडदुकानाशी
पुराची रेघ माझ्या घोट्याला लागते.
पुढे बाइंडर मुल्लांच्या खांबावर ती कमरेला.
त्यांनी भिंत रंगवून घेतली,
वीतभर तुकडा तेवढा तसाच ठेवलाय
वडलांच्या फोटोखाली.

टिळक चौकातून उतरते.
उतरते म्हणायचं आपलं. डॉक्टरांच्या लेखी सपाटच.
रेघ गळ्याशी.
मग सलूनच्या पाटीवर, मग विजेच्या खांबावर,
मान वर करून बघावी लागते.

मार्च महिना. अंगावर थेंब नाही
आणि मी तळातून चाललेय.
इथूनच, वरून, होडी गेली होती,
होडीत मी, मांडीवर शिलाई मशीनचं डोकं.
वल्हं मारणारा पोरगा विचारत होता,
मावशी, खाली कुठली गल्ली?
मला सांगता आलं नव्हतं.

आता रोज सांगते.
ही गिरण. ही पाणपोई.
हा तो कोपरा, जिथे तू वल्हं टेकवलंस
आणि खाली काहीच लागलं नाही.

घाटावर शेवटच्या पायरीला चप्पल काढते.
कृष्णा घोट्याएवढी.
आयर्विनच्या खांबावरचे फुटांचे आकडे कोरडे,
पंचेचाळिसावर कबुतराची शीट.

परतीची वाट चढाची आहे,
हे डॉक्टरांना सांगायचं दरवेळी राहून जातं.