तुप्प

उद्यमबागेत कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला
की शेडमधून माझ्याच नावानं हाक: लोंढे मिस्त्री!
पापणी उलटायची, रुमालाचं टोक ओलं करायचं,
अलगद उचलून घ्यायचा.
एकतीस वर्षं. एकही डोळा बिघडला नाही.

त्याच हातांचा मी
त्या बुधवारी घरच्या प्रार्थनेला,
पाळकसाहेब, लिडियाबाई, शेजारची चारपाच माणसं
सतरंजीवर डोळे मिटून बसलेली असताना
डोळे उघडे ठेवून होतो.
सुगुणा प्रार्थना करत होती. सूनबाई. गदगची पोर,
आठ महिने झाले आमच्यात येऊन.
म्हणाली, 'प्रभू, तुझा दया मोठा आहे.'
मी म्हणालो, 'मोठी. दया मोठी.'
वर हसलो. मग दोघंतिघं हसले.
आमेन तिनं म्हटलं नाही.
दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

त्यानंतर भाकरी वेळेवर, चहा वेळेवर,
माझ्या शर्टाची बटणंसुद्धा जागच्या जागी.
फक्त रात्रीच्या प्रार्थनेला
तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही,
पट्टा निसटलेल्या लेथची
नुसती मोटर फिरावी तसं.

शिमोन काही बोलला नाही.
बोलला असता तर सोपं गेलं असतं,
मी ओरडलो असतो.

मराठीत माफी मागायला काय झालं होतं?
पण मराठीत मी नेहमी जिंकतो.
माफीसुद्धा अशी मागतो
की समोरच्यालाच ओशाळं वाटावं.
सलोमीला विचारा, म्हणालो असतो.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.

म्हणून शिवलिंगप्पाला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.
जन्म बेळगावात गेला,
कन्नड मला बसच्या पाटीपुरतं.
त्यापुढे शिकायचं नाही, असं ठरवूनच.
तो म्हणाला, सोपं आहे: नंद तप्पातु.
माझं चुकलं.
दिवसभर घोकलं. चक आवळताना,
व्हर्नियर पुसताना,
तिसऱ्या गेटवर मालगाडी जाईपर्यंत,
हेल्मेटच्या आत, ओठांतल्या ओठांत.

रात्री ती वाढत होती. भात, आमटी.
घसा कोरडा पडला. म्हणालो,
'नंद तुप्प...'
आणि पुढचं शेपूट विसरलो.

ती थांबली. आत गेली.
बरणी घेऊन आली.
भातावर चमचाभर तूप घातलं,
माझ्या तोंडाकडं बघून आणखी एक.

तुप्प म्हणजे तूप. तेव्हा आठवलं.
मी, घरचा कर्ता, मंडळीचा वडील,
ताटातल्या तुपाकडं बघत बसलो.
गिळता आलं असतं. तूपही, वाक्यही.
सुटलो, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग पुन्हा म्हणालो. तेही चुकलं.
'प जोडून, मामा,' ती म्हणाली. 'तप्पातु.'
'तप्पातु.'
'हां. आता बरोबर.'
आणि तिच्या लक्षात आलं, मी काय म्हणालो ते.
चमचा बरणीतच राहिला.
पापणी उलटताना डोळा किती चुरचुरतो
हे इतक्या जणांच्या पापण्या उलटून
मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री ती मोठ्यानं बोलली.
तिच्या आईचं ऑपरेशन, शिमोनची बदली, माझा गुडघा,
सगळं प्रभूच्या कानावर घातलं.
शेवटी म्हणाली, 'तुझा दया मोठा आहे.'
जीभ शिवशिवली. अजून शिवशिवते.
दातांत धरली,
आणि आमेन म्हणालो.
तिच्या आधी नाही. नंतर.