उद्या धाडतंय

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत
माझं दुकान साडेतीन फुटांचं.
दुपारी एक ते चार बंद, तरी शटर अर्धं वर ठेवतो.
वाकून येणारा माणूस खरोखर अडलेला असतो.

विश्राम कांबळी वाकून आला.
भुवयांवर डक्टमधली धूळ,
छातीवर कंपनीचं नाव, त्याखाली त्याचं,
तेही छापणाऱ्याने आपल्या सोयीनं केलेलं : फिश्राम.
"घराक पैसे जायनत नाय," म्हणाला.
(मी सोलापूरकडचा, मालवणी मला निम्मी कळते,
पैशाचं तेवढं पूर्ण.)
पडद्यावर एकच ओळ :
हे ॲप या आवृत्तीवर चालणार नाही.

आत शिरलो. शेवटचं अपडेट तीन वर्षांपूर्वीचं.
विकणाऱ्याने विकलं आणि पाठ फिरवली,
भिंतीला पडलेली भोकं बुजवायला कुणी फिरकलं नाही.
पण आतला थाट बघा :
फोटो बघायला दोन जागा, गाणी ऐकायला तीन,
एकदाही न उघडलेली रम्मी, जी काढताही येत नाही,
हवामानाच्या खाली केस काळे करायची जाहिरात.
घरभर पाहुणे,
आणि घरमालक उंबऱ्यावर पाय मुडपून.

"हे वरचं कातडं कंपनीचं," मी म्हणालो,
"खाली अँड्रॉइड तेच. सोलतो, साधं टाकतो, नवं.
दर महिन्याला डागडुजी येत राहील.
फक्त आतलं सगळं पुसलं जाईल."
"पूस. माझ्या फोनात काय आसा?"

पुसण्याआधी मी चाळतो.
एकदा एकाच्या मुलीचं बारसं गेलं माझ्या हातून.
त्याने शिवी दिली नाही, ते अजून टोचतं.

कोपऱ्यात एक फोल्डर, नावही धड नसलेलं.
आठशे बारा फायली.
कातड्यानेच, कुणी न सांगता, पहिल्या दिवसापासून
प्रत्येक कॉल टिपून ठेवलेला.

एक वाजवली.
"बावीचो पंप परत बंद पडलो. तुमी जेवलात?"
आणि विश्राम : "उद्या धाडतंय."
दुसरी. "पोराची फी भरूची आसा."
"उद्या धाडतंय."
मधलीच कुठली तरी. बाईचा आवाज दमलेला,
मागे कुकरची शिट्टी, ती संपेपर्यंत दोघं गप्प,
मग तेच.

तो स्टुलावर बसला.
"मी असोच बोलतंय?"
मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच पुसला.

फायली कार्डावर उतरायला चाळीस मिनिटं लागली.
पंख्याखाली आम्ही गार लबान प्यालो.
पोरगं कितवीत, हे त्याने मला सांगितलं,
मग बोटांवर मोजलं, आणि एक इयत्ता वाढवली.

साधा फोन उजाडला : काळी पाटी, खाली चार चिन्हं.
"असो रिकामो?"
रिकामाच. आणि हा कॉल टिपत नाही, मी सांगितलं.
तो काही बोलला नाही.
ॲपने दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा उघडलं.
साठ रियाल. हिरवी खूण.

माझ्याकडे पाठ करून त्याने घरी लावला.
"आज धाडलंय."
पलीकडून काय आलं ठाऊक नाही.
तो बराच वेळ ऐकत राहिला,
मान हलवत, जणू तिला ती दिसते आहे.
हे कुठेच साठलं नाही.

दोन रियाल ठेवून, कार्डाच्या खिशाचं बटण
दोनदा चाचपून, तो वाकून गेला.
शटरखालून बाहेरचं ऊन पांढरं आत आलं
आणि काउंटरवर माझा फोन थरथरला :
अपडेट तयार आहे. आता, की रात्री?

चार महिने झाले, मी 'रात्री' दाबतोय.